दोन ए

दसऱ्याच्या आधी, बेळगावात, कॅम्पातल्या शाळेच्या हॉलमध्ये
स्पेलिंगची स्पर्धा होती
आणि शब्द उच्चारायचं काम माझ्याकडे.
टेबलावर पितळी घंटी, चुकलं की वाजवायची.
यादी बेंगळुरूहून आलेली, सीलबंद;
मीही ती तेव्हाच पहिल्यांदा वाचत होते.

चौथ्या फेरीत उभी राहिली सुगंधा लुमाण्णा गावडे,
जांबोटीच्या पुढच्या कुठल्याशा वाडीची,
केसांत अबोली, पायांत भावाचे बूट.
मी म्हटलं, "मॅकन."
"पुन्हा एकदा, टीचर."
"मॅकन."
"अर्थ सांगा."
मी कागदावरचं वाचलं: झाडावर बांधलेला मंच,
ज्यावर बसून शिकारी वाघाची वाट पाहतो.
"मूळ भाषा?"
"हिंदी."

तिने माझ्याकडे असं बघितलं,
जसं आपण लग्नात बघतो
गल्लीतला माणूस सुटाबुटात आला की.
"मचाण म्हणा की, टीचर.
आमच्यात माळा म्हणतात खरं.
काल रातीला मी तिथंच निजलेली."

हॉल हसला.
माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.
ती डोळे मिटून एकेक अक्षर घेत गेली,
फांदी पेलते का बघत पाय टाकावा तशी:
एम. ए. सी. एच. ए.
थांबली.
तो 'चा' तिच्या कानात लांब होता,
लहानपणापासून लांबच होता.
अजून एक ए. मग एन.

मी घंटी वाजवली.

रात्री कोश काढला. मग दुसरा.
दुसऱ्यात कडेला, मुंगीएवढ्या टायपात,
दोन ए सुद्धा चालत होते.
आयोजकांना पत्र टाकलं. उत्तर आलं,
निकाल अंतिम, कळावे.

दिवाळीच्या सुट्टीत कणकुंबीची बस धरली.
लुमाण्णा मला बांधावरून घेऊन गेला.
तो झाडाला मत्ती म्हणाला, मी ऐन म्हणाले,
दोघांचेही हात एकाच खोडावर.
"फॉरेस्टचा बसाप्पा ह्याला अट्टणिगे म्हणतोय," तो म्हणाला,
"आणि पंचायतीच्या कागदात तर ह्याला नावच न्हाई."
वर बांबू, त्यावर भाताचं काड,
सगळं केवणीच्या दोरानं आवळलेलं.
खिळा एकही नाही.
"खिळा करकरतोय गे बाई. गव्याला कळतंय."

त्याच्या आज्यानं एका साहेबासाठी असाच बांधला होता म्हणे.
साहेब वर बंदूक घेऊन, आजा खाली शेळी घेऊन.
वाघ आला नाही. शेळी दोर तोडून घरी आली,
तिच्या मागनं आजा.
साहेब उजाडेपर्यंत वरच.
मला वाटलं, शब्द तेव्हाच गेला असेल त्याच्या खिशातून,
काडतुसाच्या रिकाम्या नळीसारखा,
आणि बोटीत कुठेतरी त्याचा एक कान पडला असेल.
हे मी बोलले नाही.
लुमाण्णा कंदिलाची काच पुसत होता.

अंधार पडल्यावर सुगंधा वर आली,
मागे मी, चपला खाली ठेवून, चार वेळा थांबत.
माळा हलत होता. खाली भात पिवळं,
मग राखाडी, मग नुसता वास.
मी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून घंटी.
काय म्हणायचं ते बसमध्ये ठरवलं होतं,
ते आठवेना.
तिने घंटी उलटी करून बघितली, आतली जीभ बोटानं हलवली.
"ही मला का?"
"हो."

बाराच्या सुमाराला ती माझा दंड दाबून म्हणाली, "आले."
मला काहीच दिसलं नाही. मग अंधाराचाच एक ढेकूळ हलला,
आणि भात ओरबाडल्याचा ओला आवाज.
तिने घंटी वाजवली.
तीच किणकिण, हॉलमधली.

गव्याने मान वर केली, कान हलवले,
आणि पुन्हा भातात तोंड घातलं.

"डबाच लागतोय," सुगंधा म्हणाली,
आणि तेलाचा डबा माझ्या मांडीवर ठेवून
हातात काठी दिली.
"बडवा, टीचर. जोरात."